गेमच्या आधीचा आठवडा

अनुया बेसमेंटमध्ये गेली ती घडीच्या खुर्च्या आणायला. असोसिएशनला वेळेवर हॉल न मिळाल्यामुळे आगेरा, नव्या पिकाचा सण, यंदा आठवडाभर पुढे गेला होता आणि नेमका थँक्सगिव्हिंगच्या रविवारी आला होता. मिसिसागाच्या चर्चमध्ये मिस्सा झाली, नव्या भाताच्या लोंब्यांना फादरांनी आशीर्वाद दिला, आणि तिथून सगळे थेट व्हिटबीला तिच्या घरी आले होते: एटोबिकोहून सासूसासरे, स्कारबरोहून नणंद जॉर्जिना आणि तिचा मुलगा रॉयस्टन. वर टर्कीला बॉटल मसाला चोळून झाला होता. खुर्च्या दोन कमी पडत होत्या.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती थांबली. ड्रायरच्या शेजारी बुटक्या स्टुलावर सासू, पॉलिन, बसली होती. तिच्यासमोर उपड्या ठेवलेल्या कपड्यांच्या टोपलीवर रॉयस्टन. त्याच्या उजव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर केली होती आणि पॉलिन कोपराच्या आतल्या बाजूने अंगठा फिरवत होती. कोमट खोबरेल तेलाचा वास येत होता.

"सरळ कर," पॉलिन म्हणाली.

"धिस इज स्ट्रेट, आजी."

तो सरळ नव्हता. अनुया ओशावाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत होती. सांध्यांशी तिचा रोजचा संबंध नव्हता, पण कोन तिला कळत होता. डावा हात मांडीवर सैल पडला होता. उजवा कुठल्यातरी अदृश्य वस्तूवर टेकवल्यासारखा अर्ध्यात अडकला होता.

"करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट," ती म्हणाली. "मुंग्या येतात का त्यात?"

दोघेही दचकले. रॉयस्टनने आधी आजीकडे पाहिलं. अनुयाला उत्तर मिळालं.

"सकाळी उठल्यावर येतात," तो म्हणाला. "देन इट गोज अवे. इट्स फाइन, मामी."

"कधीपासून?"

"थोडे दिवस झाले," पॉलिनने उत्तर दिलं. "तेलाने उतरतंय. परवापेक्षा आज बरं आहे, नाही रे?"

वरून जिना उतरल्याचा आवाज आला. जॉर्जिना होती. "वहिनी, खुर्च्या सापडल्या का?" असं म्हणत ती आली, तिघांकडे पाहिलं, आणि परत चार पायऱ्या चढून तिने वरचं दार लावून घेतलं.

"ॲलीला नको सांगू," खाली येत ती म्हणाली.

"जॉर्जिना, हे साधं दुखणं नाहीये. बोटं बधिर होतात म्हणजे नस दाबली जातेय. लिगामेंटही गेलेलं असू शकतं. या हाताने शनिवारी बॉल फेकला तर—"

"शनिवारी एकदा फेकू दे. सोमवारी मी स्वतः त्याला डॉक्टरकडे नेते. अपॉइंटमेंट घेतली आहे."

"म्हणजे तुला पण माहीत आहे की डॉक्टर लागेल."

जॉर्जिनाने बाही खाली ओढून मुलाचा हात झाकला. "ओहायोच्या कॉलेजचा माणूस शनिवारी येतोय वहिनी. फक्त रॉयला बघायला. तो परत येणार नाही. आणि ॲलीचं काय आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

अनुयाला माहीत होतं. तिचा नवरा ॲलिस्टर रॉयस्टनच्या कॉलेजच्या बेसबॉल टीमचा कोच होता आणि त्याचा करार डिसेंबरमध्ये संपत होता. नव्या ॲथलेटिक डायरेक्टरने ऑगस्टमध्ये त्याला कॉफी पाजली होती आणि 'लेट्स सी हाऊ द फॉल गोज' एवढंच म्हटलं होतं.

"आठवडा चालू झालाय, बाय," पॉलिन शांतपणे म्हणाली आणि तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं. "रविवार आला ना. आता शनिवारनंतर."

अनुयाने दोन खुर्च्या उचलल्या आणि वर गेली.

•

आठवड्याचा नियम कोणी केला असं विचारलं असतं तर पॉलिनने, कोणी नाही, असंच सांगितलं असतं. तो झाला होता.

ॲलिस्टर हेड कोच झाला ते पहिलंच वर्ष. वसईहून बुधवारी फोन आला की तिच्या नवऱ्याची, आल्बर्टची, आई गेली. रविवारी फायनल होती. आल्बर्ट मुलाला फोन लावायला उठला तेव्हा पॉलिनने त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला. "मेलेलं माणूस रविवारपर्यंत थांबतं," ती म्हणाली होती. फायनल जिंकली. एटोबिकोच्या किचनमध्ये सोमवारी त्याला सांगितलं तेव्हा ॲलिस्टर टोपी हातात घेऊन बराच वेळ बसला. तो रागावेल अशी पॉलिनची तयारी होती. तो म्हणाला, "बरं केलंत. कळलं असतं तर माझं लक्ष लागलं नसतं."

त्या एका वाक्यावर पुढची सगळी वर्षं चालली. त्याच्या टीमने पुन्हा चँपियनशिप कधी जिंकली नाही, पण मोठ्या गेमच्या आधीचा आठवडा घराने पाळला. जॉर्जिनाचा नवरा घर सोडून गेला ते ॲलिस्टरला पाच दिवसांनी कळलं. आल्बर्टच्या हृदयात स्टेंट घातला तेव्हा सांगितलं की पप्पा चर्चच्या पिकनिकला गेलेत. नवं माणूस घरात आलं की पॉलिन त्याला हे समजावून देई, जसं तांदूळ कुठे ठेवतो आणि वॉशरूमचा नळ कसा बंद करायचा ते सांगावं तसं.

अनुयानेही एकदा पाळला होता. तेव्हा तिला तिसरा महिना होता आणि क्वार्टर फायनल दोन दिवसांवर होती. ती एकटी गाडी चालवत हॉस्पिटलमध्ये गेली आणि एकटी परत आली. पॉलिन तेव्हा चार दिवस या घरी येऊन राहिली, तिला पेज करून घातली, तिचे केस विंचरले, आणि ॲलिस्टर प्रॅक्टिसहून आला की तिला सर्दी झाली आहे असं सांगितलं. गेम हरल्यावर त्याला कळलं. त्याबद्दल दोघी पुन्हा कधी बोलल्या नव्हत्या.

आता पॉलिन शेगडीपाशी मैद्याचे गोल फुगे तळत होती आणि सून शेजारी सॅलड चिरत होती. काकडीच्या चकत्या एकसारख्या पडत होत्या. सुरीचा वेग पॉलिनला आवडला नाही.

"मनात काय आहे तुझ्या?"

"काही नाही, मम्मी."

"मी काय त्या पोराची वैरीण आहे? माझ्या हाताने न्हाऊ घातलाय मी त्याला." तिने झाऱ्याने एक फुगा उलटा केला. "एक शनिवार. जिंकले तर ॲलीची नोकरी राहते, रॉयला ओहायोचं कॉलेज मिळतं. हरले तर हरले. पण आत्ता सांगून दोघांचंही जातं. तुझं सायन्स काय म्हणतं यावर?"

"सायन्स म्हणतं हात एकच आहे."

"हातांना आराम मिळाला की बरे होतात. माझा नाही का झाला, पडले होते तेव्हा?"

"तुम्ही बॉल नव्हता फेकत."

पॉलिनला हसू आलं, पण ते तिने आवरलं. "तू चांगली मुलगी आहेस. तेव्हाही तू किती नीट राहिलीस. तोंडातून शब्द नाही काढलास."

सुरी थांबली. अनुयाने काकडीचा उरलेला तुकडा बाजूला ठेवला, हात पुसले, आणि सॅलडचं भांडं उचलून बाहेर टेबलावर नेलं. पॉलिनला वाटलं, समजली.

•

आल्बर्टला गेल्या दोन वर्षांत लोक आवाजावरून ओळखायची सवय झाली होती. ज्या गोष्टीकडे तो पाहायचा, तीच नेमकी दिसत नसे. मधोमध करडा डाग, आणि कडेला जग शाबूत. डॉक्टरने सांगितलं होतं की हे वाढत जाईल. हे त्याला आणि पॉलिनला माहीत होतं, आणि प्रत्येक वेळी सांगायचं ठरलं की पुढे एखादा गेम निघत असे. त्यामुळे टेबलावर कोण कुठे बसलंय हे त्याने खुर्च्यांच्या आवाजावरून ठरवलं होतं. समोर ॲलिस्टर. त्याच्या डावीकडे सून. पलीकडे जॉर्जिना आणि रॉय.

प्रार्थना झाली. आल्बर्टने दरवर्षीप्रमाणे बादलीत वाढवलेल्या तांदळाच्या दाण्यांची खीर प्रत्येकाला चमचाभर वाटली. या थंड देशात भात पिकतो हीच मोठी गोष्ट, असं तो दरवर्षीप्रमाणे म्हणाला, आणि जॉर्जिना दरवर्षीप्रमाणे म्हणाली, "पप्पा, चमचाभर तरी पिकतो का? अर्धा बासमती कॉस्टकोचा आहे."

"बी आपलं आहे ना," आल्बर्ट म्हणाला.

मग शनिवारचा विषय निघाला. तो निघणारच होता.

"मॅच कितीची?" आल्बर्टने विचारलं. कॅनडात इतकी वर्षं काढून तो गेमला अजून मॅच म्हणत असे.

"एकची. पण तुम्ही लवकर या, पप्पा. थर्ड बेसच्या मागे तुमची जागा ठेवायला सांगितली आहे."

"पिचिंग कोण करणार?"

"रॉय." ॲलिस्टरचा आवाज ठाम होता, वर्गात बोलावा तसा. "जितका वेळ खेचेल तितका वेळ रॉय. त्यानंतर देवेश, पण देवेशवर यायला लागू नये. त्यांचे बॅटर त्याला धुतात."

"रॉय खेचेल," जॉर्जिना म्हणाली. "काय रे?"

"यप."

आल्बर्टने कान दिला. टेबलाच्या त्या टोकाला काटा प्लेटवर जरा अडखळत आपटत होता. उजव्या हाताने जेवणारा माणूस डाव्या हाताने काटा धरतो तसा. त्याने हे मनात ठेवलं.

"टर्की घे अजून," पॉलिन म्हणाली. "रॉय, मी वाढते, तू बस."

"रॉयचा हात सरळ होत नाही," अनुया म्हणाली.

तिने ते मोठ्याने म्हटलं नव्हतं. मीठ मागावं तशा आवाजात म्हटलं. काटा थांबला.

"वहिनी!"

"फुगे घे ना ॲली, गार होतायत—"

"उजवा कोपर," अनुया पुढे म्हणाली. "पूर्ण उघडत नाही. दोन बोटं बधिर होतात. मम्मी त्याला तेल लावून देतायत. जॉर्जिनाने सोमवारची अपॉइंटमेंट घेतली आहे, गेमनंतरच्या. मी आज बघितलं. मला आठवडाभर थांबायला सांगितलंय."

आल्बर्टने मुलाच्या दिशेने मान वळवली; करड्या डागाच्या कडेला त्याला फक्त खांदा दिसला. तो हलला नव्हता.

"कधीपासून?" ॲलिस्टरने विचारलं.

आल्बर्टने एअरपोर्टवर विमानांची इंजिनं ऐकण्यात नोकरी घालवली होती. एखादा आवाज जिथे यायला हवा तिथे आला नाही, तर तो त्याला आलेल्या आवाजापेक्षा आधी कळे. मुलाच्या प्रश्नात आश्चर्य नव्हतं.

ते अनुयालाही कळलं असावं. बोलली तेव्हा तिच्या आवाजात माहेरचं नागपूर उतरलं होतं, जे एरवी ती लॅबच्या कोटासारखं आत टांगून ठेवत असे.

"तू कॅचर होता ना, ॲलिस्टर? आयुष्यभर पिचरच्या समोर उकिडवा बसून त्याचा हात बघितला तू. रोज दोन तास रॉयला बघून राहिला. मला बेसमेंटच्या जिन्यावरून एका मिनिटात दिसलं. तुला नाही दिसलं?"

"अनुया, आत्ता नको."

"मी विचारून राहिली."

"दिसलं," ॲलिस्टर म्हणाला.

पॉलिनच्या हातातली प्लेट टेबलावर टेकली.

"काय दिसलं?" जॉर्जिनाने विचारलं.

"फेकताना कोपर खाली यायला लागलाय. कर्व्ह वळत नाहीये. दोन गेम झाले."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं," तो म्हणाला. "मग मला त्याला बसवावं लागलं असतं."

"यू न्यू?" रॉय म्हणाला.

जॉर्जिनाची खुर्ची मागे सरकली. "थांब. मला नीट कळू दे. रोज रात्री मी याच्या कोपराला बर्फ लावते. तुझ्या टीमचा ट्रेनर फोन करतो तर मी खोटं बोलते. का? तर माझ्या भावाला त्रास नको. त्याला माहीत नाही बिचाऱ्याला. आणि तू निवांत बसला होतास की बहीण गप्प बसेल!"

"जॉर्जिना, तू पण त्याला खेळवणारच होतीस."

"हो, होते! मी आई आहे, मी मूर्खपणा करू शकते. तू कोच आहेस!"

"हळू, शेजारी ऐकतील," पॉलिन म्हणाली.

"ऐकू देत, मम्मी. मराठी कळत नाही त्यांना."

आल्बर्टने टेबलावर हात ठेवला. आपटला नाही, फक्त ठेवला. पण या घरात तो बोलणार असल्याची ती खूण होती. "ॲली," तो म्हणाला, "शनिवारी कोण?"

दुसरीकडे कोणीतरी नाक ओढलं. ॲलिस्टर उठून टेबलाला वळसा घालून गेला असावा, कारण त्याचा आवाज आता वेगळ्या जागेवरून आला. "रॉय. हात."

"आय कॅन गो, कोच."

"हात दाखव."

कापड वर सरकल्याचा आवाज. कोणी काही सांगेपर्यंत आल्बर्ट थांबला. कोणी सांगितलं नाही.

"शनिवारी तू नाही," ॲलिस्टर म्हणाला. "उद्या इमर्जन्सीत जायचं, सोमवारची वाट नाही बघायची."

"उद्याच सोमवार आहे. अपॉइंटमेंट पुढच्या सोमवारची आहे," जॉर्जिना म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

रॉय उठला. अंगणाचं सरकतं दार उघडलं आणि जोरात लागलं. जॉर्जिना त्याच्या मागे जायला निघाली, पण ॲलिस्टर म्हणाला, "मी जातो." मग तो गेला मात्र नाही. तिथेच उभा राहिला.

"अजून काही आहे का?" त्याने विचारलं. "माझ्यापासून ठेवलेलं? आत्ताच सांगा. सगळं."

पॉलिनने एकदा नवऱ्याकडे आणि एकदा मुलीकडे पाहिलं असणार. "तुझ्या गाडीचा मागचा दिवा," ती अखेर म्हणाली. "मे महिन्यात. तू म्हणालास पार्किंग लॉटमध्ये कोणीतरी ठोकलं. ती जॉर्जिना होती."

"मम्मी!"

"सगळं म्हणाला ना तो."

अनुया हसली. एक छोटा, आखडता आवाज, आणि लगेच थांबला. या गोंधळात आल्बर्टला तो आवाज बरा वाटला, म्हणून त्याने बोलायचं ठरवलं.

"मला बॉल दिसत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"डोळे गेलेत. सगळे नाही. मधलं गेलंय. दोन वर्षं झाली. बाकीचे टाळ्या वाजवतात तेव्हा मी वाजवतो."

ॲलिस्टर त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसला. आल्बर्टला कडेने त्याचा कान दिसला, आणि कानामागचे पांढरे केस, जे त्याने यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

"मग येता कशाला, पप्पा?"

"माझी जागा ठेवतोस ना तू," आल्बर्ट म्हणाला. "जा आता. पोरगं बाहेर गारठत असेल."

•

रॉय ड्राइव्हवेमध्ये व्हॅनच्या मागच्या बंपरवर बसला होता. त्याने जॅकेट घेतलं नव्हतं. ॲलिस्टरने स्वतःचं काढून दिलं, त्याने ते बाजूला ठेवलं. समोरच्या घरी कोणीतरी पानं ओढत होतं. तळ्याकडून वारा येत होता.

"नेमकं कधी?" रॉयने विचारलं. मग इंग्रजीत, नीट, एकेक शब्द सुटा करून: "व्हेन डिड यू नो?"

ॲलिस्टरने खरं सांगितलं. किचनरविरुद्धचा गेम. पाचवी इनिंग.

"अँड यू सेंट मी आउट फॉर द सिक्स्थ."

"हो."

"अँड द सेव्हन्थ."

"हो."

रॉयने मान डोलावली, एखादं गणित जुळल्यासारखी. तो ओरडेल असं ॲलिस्टरला वाटलं होतं. ओरडणाऱ्या मुलांचं काय करायचं हे त्याला माहीत होतं. आजवर शेकडो मुलं त्याच्यासमोर ओरडली होती. त्यांना बोलून घेऊ द्यायचं, मग पाणी द्यायचं, मग कामाचं बोलायचं. हे मूल ओरडत नव्हतं. आणि हे जन्मलं तेव्हा तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये होता.

त्याने दरवेळी हिशेब कसा मांडला होता तेही त्याला स्वच्छ आठवत होतं. हे मूल वीस वर्षांचं आहे, दुखलं तर बोलेल. त्याची आई आहे, ती बोलेल. कोणी बोलत नाही म्हणजे बोलण्यासारखं नसेल. प्रत्येक पायरी बरोबर होती. फक्त हे घर कसं बोलतं ते त्याने त्यात धरलं नव्हतं. किंवा धरलं होतं. डगआऊटमध्ये उभं राहून तो हे दोन्ही एकाच वेळी मानू शकत होता. ड्राइव्हवेमध्ये ते जमेना.

"ओहायोला मी फोन करतो," तो म्हणाला.

"अँड से व्हॉट?"

"जे आहे ते. तुझा हात दुखावलाय, मला ते कळलं होतं, आणि मी तुला खेळवलं. तू लपवलंस असं नाही सांगणार."

"मीही लपवलं."

"तुझं तू सांग, तुला हवं तर. मी माझं सांगतो."

रॉयने जॅकेट उचललं, डाव्या हाताने एक बाही चढवली, दुसरी तशीच खांद्यावर टाकली. "दे वोन्ट टेक मी."

"या वर्षी नाही घेणार."

"यू वोन्ट हॅव अ जॉब."

"नसेलही."

पानं ओढणाऱ्या माणसाने त्यांना हात केला. ॲलिस्टरने परत हात केला. "हॅपी थँक्सगिव्हिंग!" तो माणूस म्हणाला, आणि दोघांनीही, सवयीने, एकाच सुरात उत्तर दिलं.

"सो. देवेश," रॉय म्हणाला.

"देवेश."

"कोच, देवेश टिप्स हिज कर्व्ह."

ॲलिस्टरने त्याच्याकडे पाहिलं.

"एव्हरी टाइम. कर्व्ह असला की ग्लोव्ह असा उघडतो." रॉयने डाव्या हाताचा पंजा छातीपाशी धरला आणि बोटं किंचित फाकवली. "फास्टबॉलला बंद असतो. म्हणून धुतात त्याला. समोरच्या डगआऊटमधून सरळ दिसतं, काय येणार ते."

"कधीपासून?"

"ऑल सीझन."

ॲलिस्टरने देवेशला डोळ्यांसमोर उभं करायचा प्रयत्न केला. उंच, स्कारबरोचा, सॉरी म्हणायची सवय असलेला मुलगा. त्याचा ग्लोव्ह आठवेना. "मला कसं नाही दिसलं?"

"यू वर लुकिंग ॲट मी," रॉय म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकायला वेळ लागला.

"आणि तू सांगितलं का नाहीस? देवेशला नाही, मला नाही?"

रॉयने खांदा उडवला, एकच, डावा. "बॅड न्यूज. प्लेऑफ्स होते. यू डोन्ट टेल कोच स्टफ इन द वीक." मग जरा थांबून, आजीच्या सुरात, मराठीत: "शनिवारनंतर सांगणार होतो."

ॲलिस्टरने खिशातून फोन काढला. देवेशने दुसऱ्या रिंगला उचलला. मागे पुष्कळ माणसांचा आणि भांड्यांचा आवाज होता. जेवणातून उठवल्याबद्दल ॲलिस्टरने त्याची माफी मागितली. मग शनिवारी तू सुरुवात करतो आहेस असं सांगितलं, आणि तुझ्या ग्लोव्हमध्ये एक चूक आहे, सबंध सीझनभर होती, ती मला दिसायला हवी होती आणि दिसली नाही, हेही सांगितलं. पलीकडे आवाज बंद झाले. मुलगा बहुतेक दुसऱ्या खोलीत गेला होता. "ओके, कोच," तो म्हणाला. "सॉरी, कोच." उजेड आहे तोवर ग्राउंडवर ये, ग्लोव्ह घेऊन, असं सांगून ॲलिस्टरने फोन ठेवला.

रॉय व्हॅनला वळसा घालून पुढच्या सीटवर जाऊन बसला होता. डाव्या हाताने उजव्या बाजूचा सीटबेल्ट ओढणं त्याला अवघड जात होतं, पण त्याने मदत मागितली नाही.

"तू कुठे?" ॲलिस्टरने खिडकीतून विचारलं.

"ग्राउंडवर. तो काय करतो ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे."

"आईला सांगून ये. ती चिडली आहे."

"ॲट यू," रॉय म्हणाला. "यू टेल हर."

सरकत्या दाराच्या काचेमागे जॉर्जिना उभी होती, हात बांधून. तिच्या मागे अनुया टेबल आवरत होती आणि मान वर करून बघत नव्हती. ॲलिस्टर घराकडे चालू लागला.